टाकी रिकामी कोण करतो?

मागच्या महिन्यात आम्ही परीक्षेच्या दिवसांतील मुलांच्या झोपेविषयी लिहिले होते. त्यावर काही वाचक भगिनींनी विचारले की, मुलांचे सांगितलेत ते ठीक, पण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या झोपेचे काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून या वेळी आमच्या अम्मींच्या झोपमोडीची हकीकत सांगतो. ती सुरू होते संडासातल्या फ्लशच्या टाकीपासून. विषय वाचून कुणी नाक मुरडू नये. ज्या घरात दिवसातून पाच वेळा वुजू होतो, त्या घराला पाण्याचा आणि पाकीचा विषय परका असू शकत नाही. शिवाय या टाकीने आमच्या घरात जे केले, ते वाचून काही घरांतले गैरसमज वेळीच मिटले, तर आमची फजिती कारणी लागली असे आम्ही समजू.

आम्ही लातूरला राहतो. लातूरकराला पाण्याचे मोल शिकवावे लागत नाही. २०१६ च्या मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आमची धाकटी तेव्हा अगदी लहान होती. वर्गात एखादा मुलगा पाण्याची बाटली अर्धी पिऊन उरलेली खिडकीतून ओतताना दिसला, की आजही आमचा हात थांबतो, शब्द थांबतो आणि आम्ही आधी त्या बाटलीवर बोलतो. असे हे आम्ही, पाण्यावर व्याख्यान देणारे मास्तर. आणि आमच्याच घरात काय चालले होते ते आता ऐका.

आमचे घर अब्बांनी बांधलेले. खाली आम्ही, बेगम, दोन मुले आणि अम्मी. वरच्या मजल्यावर भाईजान, भाभी आणि त्यांची दोन मुले. एकूण नऊ माणसे. अंगणात जमिनीखाली सहा हजार लिटरचा हौद, तो दोघांचा मिळून एक. त्यातून मोटरने गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचे, एक दिवस त्यांनी, एक दिवस आम्ही. आमच्या भागात नळ आठ दिवसांनी येतो. नऊ माणसांना दिवसाला सातशे लिटरच्या आसपास पाणी लागते. आठ दिवसांचे झाले पाच हजार सहाशे. म्हणजे नळ येईपर्यंत हौदाच्या तळाशी चारशे लिटर शिल्लक राहावे. वर्षानुवर्षे ते राहत आले.

या वर्षी ईदनंतर मात्र गणित बिघडले. सातव्या दिवशी दुपारीच मोटर कोरडी घरघरू लागली. पहिल्या खेपेला वाटले, नळ कमी वेळ आला असेल. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला छोटा टँकर मागवावा लागला.

आता शक कुणावर घ्यायचा? आमचा शक सरळ जिना चढून वर गेला. कारण ईदलाच भाभींनी नवे ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन घेतले होते. मशीन आले आणि पाणी संपू लागले, यात आणखी सिद्ध करायचे ते काय? वर भाईजानांच्या मनात वेगळेच चालले होते. आमची धाकटी अंघोळीला वेळ लावते आणि आम्ही मोगऱ्याच्या कुंड्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी घालतो, हे त्यांनी टिपून ठेवले होते.

एका जुम्याला सगळे एकत्र जेवायला बसले असताना आम्ही बोललो. मोठ्याने नाही, पण टोचेल असे. "भाईजान, मशीन चांगली गोष्ट आहे. पण हौद दोघांचा आहे."

भाईजान म्हणाले, "मोगराही दोघांचा आहे का?"

भाभी काही बोलल्या नाहीत. त्यांनी वाढलेला भात गुपचूप संपवला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सकाळी वरून कपडे आपटण्याचा आवाज येऊ लागला. मशीनवर त्यांनी जुनी चादर घालून ठेवली होती. भाभींची कंबर दुखते, मशीन घेतले होते तेच त्यासाठी. हे आम्हाला माहीत होते. तरी आम्ही पंधरा दिवस तो आवाज ऐकला आणि शाळेत गेलो.

अम्मींचे कुणी ऐकले नाही

या सगळ्यात एक माणूस खरे काय ते सांगत होते, आणि त्यांचेच कुणी ऐकत नव्हते. अम्मींची झोप सावध. त्या तहज्जुदला उठतात. त्यांची खोली संडासाला लागून. त्या दोन-तीनदा म्हणाल्या होत्या, "अरे बेटा, रात्री संडासात कुणी नसताना पाणी बोलतं. थांबतं, परत बोलतं. मला वाटतं कुणी तरी आत आहे, म्हणून मी बदना घेऊन बाहेरच उभी राहते."

आम्ही काय उत्तर दिले असेल? "अम्मी, वरच्यांचा पाइप वाजत असेल. तुम्ही झोपा." एकदा तर आम्ही बेगमला हळूच म्हणालो की, वय झाले की कानांना असे भास होतात. अम्मींच्या कानांना भास झालेला नव्हता. आमचेच कान बंद होते.

वाचकहो, वडीलधारी माणसे दिवसभर घरात असतात. घराचा कुठला आवाज रोजचा आणि कुठला नवा, हे त्यांना आपल्या आधी कळते. त्यांनी एखादा आवाज सांगितला, तर उठून पाहायला दोन मिनिटे लागतात. आम्ही ती दोन मिनिटे दीड महिना दिली नाहीत.

जर्द्याच्या रंगाची परीक्षा

उलगडा केला धाकटीने. ती नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला पाण्याच्या बचतीवर तक्ता करायचा होता. गळती ओळखण्याची एक सोपी रीत तिच्या बाईंनी सांगितली होती. ती स्वयंपाकघरात गेली, जर्द्यात घालायचा केशरी रंग उचलला, फ्लशच्या टाकीचे झाकण काढले आणि चिमूटभर रंग पाण्यात टाकला. मग सगळ्यांना बजावले, वीस मिनिटे कुणीही फ्लश करायचा नाही.

वीस मिनिटे लागलीच नाहीत. दहाव्या मिनिटाला भांड्याच्या मागच्या बाजूने एक केशरी रेघ खाली उतरताना दिसली. पाणी इतके शांत आणि पातळ वाहत होते, की रंगाशिवाय ते कुणालाच दिसले नसते.

"अब्बू, आता मोजू या," ती म्हणाली. भांड्याजवळचा छोटा कॉक बंद करून टाकीत पाणी येणे थांबवले. आतल्या भिंतीवर पेन्सिलीने पाण्याची खूण केली. वीस मिनिटांनी पाहिले तर पातळी उतरलेली. मग लिटरच्या बाटलीने पाणी ओतत पुन्हा खुणेपर्यंत आणले. अडीच बाटल्या लागल्या. वीस मिनिटांत अडीच लिटर, म्हणजे तासाला साडेसात, म्हणजे दिवसाला एकशे ऐंशी लिटर!

हा आकडा पाहून आम्ही खाली बसलो. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे, असा सरकारी मापदंड आहे. आमच्या घरात नऊ माणसांबरोबर एक दहावे माणूस राहत होते. ते दिसत नव्हते, पण सर्वांत जास्त पाणी तेच वापरत होते. सातशेत एकशे ऐंशी मिळवा, आठशे ऐंशी झाले. सहा हजाराला आठशे ऐंशीने भागा. सातवा दिवस पुरा होण्याआधी हौद कोरडा. हिशेब तंतोतंत जुळला. यात मशीन कुठेच नव्हते आणि मोगराही नव्हता.

आता अम्मींचा "बोलणारा" आवाजही समजला. टाकीतले पाणी खालून झिरपत राही. पातळी थोडी उतरली की वरचा फुगा खाली येई, पाण्याची वाट उघडे आणि टाकी आपोआप भरू लागे. भरली की थांबे. थोड्या वेळाने परत तेच.

आमचा पराक्रम

इथेच आम्ही प्लंबरला बोलवायला हवे होते. पण चूक स्वतःची निघाली की माणसाला ती स्वतःच, आणि कुणाला न कळता, दुरुस्त करायची घाई होते. आम्ही पाना घेतला. टाकीला पाणी नेणारी नळी काढून पाहावी म्हणून तिच्या चाकीला पाना लावला आणि जोर दिला. चाकी प्लॅस्टिकची, कित्येक वर्षे न हललेली. ती फिरली नाही, तुटली. आणि त्या जोराने खालचा जुना कॉकही सैल झाला. पाण्याची धार सरळ आमच्या छातीवर आली.

पुढची पाच मिनिटे आम्ही अंगठ्याने धार दाबून धरली होती, बेगम बादल्या लावत होत्या, थोरला टॉवेल घेऊन उभा होता आणि अम्मी दारातून "या अल्लाह, या अल्लाह" म्हणत होत्या. धाकटी ओरडत वर पळाली. भाईजान लुंगीवरच धावत गच्चीवर गेले आणि मोठा व्हॉल्व्ह बंद करून खाली आले. आम्हाला त्या अवस्थेत पाहून त्यांनी एकच विचारले, "लागलं तर नाही ना तुला?"

मशीनचा विषय त्यांनी काढला नाही. त्यांनी काढला असता तर आम्हाला सोपे गेले असते.

प्लंबरचाचांचा धडा

आम्ही आधी एका दुकानात फोन केला. पलीकडच्याने टाकी न पाहताच सांगितले की, सगळा सेट बदलावा लागेल, वाटल्यास टाकीच नवी बसवा. मग भाईजानांनी मशिदीजवळ राहणाऱ्या एका वयस्कर चाचांना बोलावले. चाचांनी आधी काहीच उघडले नाही. फ्लश केला आणि कान देऊन उभे राहिले. आमच्या अम्मींसारखे.

मग त्यांनी टाकीतले पाणी काढून आतला सांगाडा फिरवून वर घेतला आणि त्याच्या तळाची रबराची चकती आमच्या हातावर ठेवली. ती फुगून वेडीवाकडी झाली होती, बोटाला काळे लागत होते. चाचांनी विचारले, "टाकीत निळी वडी टाकता का?" टाकतो. स्वच्छतेसाठी म्हणून आम्हीच कौतुकाने आणली होती. चाचा म्हणाले, "सगळ्या वड्या नाही, पण ज्यांत क्लोरीन असतं त्या रबर खातात. त्यात तुमचं बोअरचं आणि टँकरचं जड पाणी. चकती जिथे बसते तिथे क्षाराचा थर आलाय. आता ती बसणार कशी?"

त्यांनी बसण्याची जागा सिरक्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून गुळगुळीत केली. जुनी चकती दुकानात नेऊन त्याच मापाची आणायला थोरल्याला पाठवले. कॉक आणि नळी नवी बसवली. जितका खर्च चकतीला झाला, त्याच्या कित्येक पट आमच्या पराक्रमाने तुटलेल्या वस्तूंना झाला. चाचांनी मजुरी सांगितली, भाईजानांनी ती तिथेच त्यांच्या हातात ठेवली. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. शंभर वेळा ऐकूनही काम झाल्यावर "संध्याकाळी देतो" म्हणणारे आपल्यातच पुष्कळ आहेत.

आवाज काय सांगतो?

चाचांनी आणि अनुभवाने जे शिकवले, ते आमच्या भगिनींच्या आणि बंधूंच्या उपयोगासाठी इथे देतो.

फ्लशच्या टाकीत मुख्य गोष्टी तीनच. एक, पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह आणि त्याला जोडलेला फुगा. दुसरी, तळाची रबरी चकती, जी उचलली की पाणी भांड्यात जाते. तिसरी, मधली उभी पोकळ नळी. पाणी प्रमाणाबाहेर चढले, तर ते जमिनीवर न सांडता या नळीतून भांड्यात जाते.

सतत "सूं" असा बारीक आवाज येत असेल, तर झाकण काढून पाणी त्या उभ्या नळीच्या तोंडातून आत जाते का पाहा. जात असेल, तर दोष फुग्याचा किंवा वरच्या व्हॉल्व्हचा. फुगा खाली करण्यासाठी स्क्रू किंवा पकड असते. पाणी नळीच्या तोंडाच्या सुमारे एक इंच खाली थांबले पाहिजे. फुगा खाली करूनही पाणी थांबत नसेल, तर त्या व्हॉल्व्हचा वायसर झिजला आहे किंवा त्यात कचरा अडकला आहे. टँकरचे पाणी घेणाऱ्यांकडे हे फार होते.

कुणी न वापरता टाकी मधूनमधून आपोआप भरत असेल, तर दोष खालच्या चकतीचा. जर्द्याच्या रंगाची परीक्षा करा. मात्र त्याआधी पाण्याची पातळी उभ्या नळीच्या खाली आहे ना, हे पाहून घ्या. नाहीतर रंग वरच्या वाटेने उतरेल आणि दोष भलत्यालाच लागेल. आमच्या घरात माणसांच्या बाबतीत नेमके तेच झाले होते.

टाकी भरताना कर्कश आवाज येत असेल, तर छोटा कॉक थोडा कमी उघडा ठेवून पाहा. दाबामुळे होणारा आवाज त्याने कमी होतो. भरणे थांबताना भिंतीत "धप्प" असे वाजत असेल, तर पाइपची पकड सैल झालेली असू शकते. तिथे प्लंबरच हवा.

काम घरी करायचे असेल, तर आधी दोन बादल्या भरून ठेवा. घरात म्हातारे माणूस असेल, तर हे विसरूच नका. गच्चीवरचा मोठा व्हॉल्व्ह कुठला, हे घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, दाखवून ठेवा. कॉक बंद करून मग फ्लश करा, म्हणजे टाकी रिकामी होईल. प्लॅस्टिकच्या चाकीला पान्याचा जोर लावू नका. हाताने आवळा, वर जरासाच फेर द्या. चिनी मातीची टाकी जास्त आवळल्याने तडकते. चकती घ्यायला जाताना जुनी चकती सोबत न्या, अंदाजाने आणू नका. आणि जी चाकी हाताने हलत नाही, तिथे आपला हात थांबवून प्लंबरला हाक मारा.

प्लंबरला फोन करताना नुसते "टाकी खराब झाली" म्हणू नका. कुठला आवाज येतो, केव्हा येतो, रंगाच्या परीक्षेत काय दिसले, ते सांगा. तो योग्य सामान घेऊन येईल आणि त्याची एक फेरी वाचेल. मजुरी आधी विचारा, नंतर घासाघीस करू नका. काम चालू असताना घरातल्या एकाने शेजारी उभे राहून पाहावे. शक म्हणून नव्हे, शिकण्यासाठी.

आणखी एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगतो. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग कधीही एकत्र वापरू नका. त्यातून विषारी वायू निघतो आणि छोट्या बंद संडासात जीवावर बेतू शकते. घरात काम करणाऱ्या बाईंनाही हे सांगून ठेवा.

तीन भाऊ आणि एक फुगा

चाचा गेल्यावर धाकटीने तो फुगा हातात घेऊन विचारले, "अब्बू, हे कुणाला सुचलं असेल?" आम्ही भाषेचे मास्तर. पण या प्रश्नाचे थोडे उत्तर आमच्याकडे होते. पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूने पाण्याची वाट उघडायची आणि बंद करायची, ही युक्ती फार जुनी आहे. ग्रीकांच्या पाणघड्याळात ती होती. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद, अहमद आणि हसन हे तीन भाऊ होऊन गेले, त्यांना बनू मूसा म्हणतात. त्यांनी मिळून यंत्रांच्या युक्त्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात असे तरंगते व्हॉल्व्ह आहेत. पुढे १२०६ साली अल-जझरी यांनी आपल्या ग्रंथात हात धुण्याचा एक मोर वर्णन केला. त्याच्या चोचीतून पाणी पडे, खालच्या भांड्यात वापरलेले पाणी चढू लागले की आतला फुगा वर येई आणि एक बाहुली साबण घेऊन पुढे येई. पाणी आणखी चढले की दुसरी बाहुली टॉवेल घेऊन येई.

धाकटी म्हणाली, "तीन भाऊ मिळून ग्रंथ लिहितात आणि आपल्याकडे दोन भावांना एक हौद पुरत नाही." ती हसत बोलली. आम्हाला हसता आले नाही.

जिना चढावा लागला

रात्री इशानंतर अम्मींनी बोलावले. "वर जाऊन सांगितलंस?"

"भाईजान इथेच होते, अम्मी. त्यांनी सगळं पाहिलं."

"त्याने पाहिलं. तिला तू सांगितलंस का? कपडे तिने हाताने धुतले."

आम्ही जिना चढलो. भाभी भांडी आवरत होत्या. वर्गात चाळीस मुलांसमोर बोलणारे आम्ही, पण शब्द सापडेनात. शेवटी एवढेच म्हणालो, "भाभी, पाणी आमच्याकडून जात होतं. मी तुमच्यावर नाव घेतलं. मला माफ करा."

भाभींनी हात पुसले आणि शांतपणे विचारले, "मशीन मी पंधरा दिवस बंद ठेवली होती. तरी पाणी सातव्या दिवशी संपलं. तेव्हाही तुमच्या लक्षात आलं नाही?"

याला उत्तर नव्हते. नळाच्या दोन पाळ्या मशीन बंद होते आणि हौद पहिल्यासारखाच कोरडा पडला. मशीनचा दोष नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. चौथीतल्या मुलालाही ते कळले असते. पण आम्ही पाहिलेच नाही, कारण आम्हाला कारण शोधायचे नव्हते. कारण आम्हाला आधीच सापडले होते. बदगुमानीपासून दूर राहण्याची ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. ती आम्ही कितीदा वाचली असेल! पण शक मनात शिरतो तेव्हा तो शक म्हणून येत नाही, अक्कल म्हणून येतो. माणसाला वाटते, आपण हिशेब करतो आहोत.

"म्हणूनच माफी मागायला आलो," आम्ही म्हणालो.

भाभी म्हणाल्या, "बसा. चहा टाकते." थोड्या वेळाने आतून आवाज आला, "आणि मोगऱ्याला पाणी घालत जा. तो दोघांचाच आहे."

दुसऱ्या दिवशी वरच्या मशीनवरची चादर निघाली. भाईजानांनी एक पद्धत घालून दिली आहे. महिन्याच्या पहिल्या जुम्याला दोन्ही मजल्यांवरच्या फ्लशच्या टाक्यांत जर्द्याचा रंग टाकायचा आणि वीस मिनिटे वाट पाहायची. त्या वीस मिनिटांत सगळे एकत्र चहा घेतात.

जाता जाता

ही परीक्षा तुमच्या घरीही करा. घरातल्या प्रत्येक टाकीची आणि प्रत्येक नळाची. एक नळ सेकंदाला एक थेंब टपकत असेल आणि वीस थेंबांचा एक मिलीलीटर धरला, तर दिवसाला चार लिटरपेक्षा जास्त पाणी जाते. हे गणित मुलांना करायला द्या. मग त्यांनाच घेऊन आपल्या मोहल्ल्यातला मशिदीचा वुजूखाना आणि शाळेचे नळ पाहून या. वाहत्या नदीच्या काठीही वुजूला गरजेपेक्षा जास्त पाणी वापरू नये, असे आपल्याला शिकवले आहे. आम्ही तर नदीपासून लांब, आठ दिवसांनी येणाऱ्या नळाच्या काठी राहतो.

आणि घरात पाणी, पैसा, साखर, काहीही कमी पडू लागले, तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी एकदा झाकण उघडून पाहा.

अम्मी आता शांत झोपतात, अल्हम्दुलिल्लाह. परवा मात्र सकाळी म्हणाल्या, "बेटा, फ्रिज रात्री कसा तरीच वाजतो." आम्ही चहाचा कप तसाच ठेवून उठलो.

पुढच्या महिन्यात मुलांच्या सुट्टीतल्या वाचनाविषयी बोलू, इन्शाअल्लाह.